सोन्याची झारी आणि भोकाभोकाचं भांडं

एका राज्यात सगळ्या घरांना तोट्या होत्या. हसू नका, खरंच होत्या. पाण्याच्या झारीला असते तशी तोटी, डावीकडे जराशी वाकलेली. बैलगाडीला तोटी, पाळण्याला तोटी, देवळाच्या कळसाला तोटी. खुद्द राजाच्या सिंहासनालाही तोटी. महाराज टेकायला गेले की ती बरगडीत टोचायची, मग महाराज "शिव शिव" म्हणत अंग चोरून बसायचे. आणि प्रत्येक तोटीच्या बुडाशी एक बारीक भोक. त्या भोकातून घरं गळायची, घागरी गळायच्या, गाडीतलं धान्य वाटभर सांडायचं. कुणी विचारलं, "बाबा रे, हे भोक कशाला ठेवलंस?" तर कारागीर म्हणायचा, "असतंच ते." झालं! पुढे बोलणंच खुंटायचं.

हे असं का झालं ते सांगतो. मधे कुणी बोलू नका, माझा ताल चुकतो.

त्या राज्याचा राजा पद्मसेन. भला माणूस, हौशी माणूस. त्याने कारागिरांसाठी मोठी शाळा बांधली, तिला कारुशाळा म्हणत. तिथे तांबट, सुतार, गवंडी, विणकर, सगळ्यांची पोरं शिकत. शाळेचा मुख्य गुरू होता रायाजी तांबट. रायाजी हातोडी उचलायचा आणि तांबं आपणहून वळायचं, अशी त्याची ख्याती. बायको लवकर गेली. एकुलती एक लेक, तिचं नाव हौसा. बापाने तिला आईच्या मायेने वाढवली.

शाळेची एक जुनी रीत होती. नवं पोर उंबरा ओलांडून आलं की गुरू त्याला पाटासमोर बसवी. पाटावर शाळेतली सगळ्यांत देखणी वस्तू मांडलेली असे. तिला हळदकुंकू, वर एक फूल. गुरू पोराचा हात आपल्या हातात घेई आणि म्हणे, "हे बघ. असं कर." एवढं म्हटलं की विद्यारंभ झाला. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. रीत प्रेमाची होती, तिच्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं.

एके दिवशी डोंगरावरचा कंकाळ मांत्रिक दरबारात आला. काखेतून त्याने एक सोन्याची झारी काढली आणि राजापुढे ठेवली.

"राजा, तुझ्या शाळेला माझी भेट."

काय ती झारी! पोट गोल, मान उंच, तोटी डावीकडे लाजून वळलेली. दरबार डोळे फाडून बघत राहिला. रायाजी म्हणाला, "महाराज, पाटावर आता हीच शोभेल." राजा म्हणाला, "ठेवा." तोटीच्या बुडाशी भोक होतं, पण सोन्याच्या झळाळीत भोक कुणाला दिसतंय?

दुसऱ्याच दिवशी नवी पोरं आली. त्या वर्षी हौसाही त्यांत होती. रायाजीने एकेकाचा हात हाती घेतला. लेकीचा घेतला तेव्हा तिच्या बोटांवरून हलकेच अंगठा फिरवला. म्हणाला, "हे बघ, बाळ. असं कर."

तिथून पोरांचे हात बांधले गेले. घागर करायला बसलेला पोरगा उठायचा तो झारी करून. सुताराची पोरं पाळणा करायला बसली, पाळण्याला तोटी आली. गवंड्यांनी भिंत उचलली, भिंतीतून तोटी फुटली. जे जे मनात आणावं, त्याच्याआधी डोळ्यांपुढे झारी येऊन उभी. पोरं मोठी झाली, गावोगाव पांगली आणि सगळं राज्य तोट्यातोट्यांचं झालं. लोकही सवयीचे गुलाम. दोन पावसाळे गळक्या घरात काढल्यावर त्यांना घर गळतंच असं वाटू लागलं.

इकडे रायाजीच्या नखांना पिवळी झाक आली. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग बोटं कडक झाली, मग तळहात. राजवैद्याने येऊन नखाने टिचकी मारली, तर टण्‌ आवाज आला. हात पितळेचे होत चालले होते. वैद्याने तिळाचं तेल चोळलं. गुण काही आला नाही, पितळ मात्र लखलखीत झालं. वैद्य हौसाला बाजूला घेऊन म्हणाला, "मुली, हे वर चढतंय. काळजाला टेकलं की संपलं."

ज्या हातांनी तांबं वळायचं त्या हातांना आता घास उचलेना. हौसाने ठरवलं, आबांना पेज भरवायला एक छानशी पळी करायची. ऐरणीपुढे बसली, मनात पळी, पळी असं घोकत राहिली. ठोके संपले तेव्हा हातात इवलीशी झारी होती. त्या झारीनेच भरवायला गेली तर भोकातून गरम पेज बापाच्या छातीवर सांडली. रायाजी म्हणाला, "असू दे गं, भाजलं नाही." पण डोळ्यांत पाणी आलंच. हौसा माजघरात गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग डोळे पुसून तडक दरबारात गेली.

"महाराज, कंकाळाची झारी आली तेव्हापासूनच हे सुरू झालं. मी डोंगरावर जाते. शाप उतरवून आणते."

"सैन्य देऊ सोबत?"

"तलवारींनाही तोट्या आहेत, महाराज. सैन्य घरीच बरं."

राजा बरगडी चोळत बसला.

हौसाने गाठोडं बांधलं. त्यात भाकरी, पाण्याचा तोटीवाला तांब्या आणि आबांची तार ओढायची बारीक भोकांची पोलादी पट्टी. वाटेत एका विहिरीवर बाभूळ वाकली होती. तिच्यावर सुगरण पक्ष्याची घरटी लोंबत होती, सगळी अर्धवट. एक पक्षी फांदीवर हिरमुसून बसला होता. तो माणसासारखा बोलला. त्या राज्यात पाखरं बोलत, त्यात कुणाला नवल वाटत नसे.

"कुठे निघालीस, पोरी?"

"कंकाळ मांत्रिकाकडे. आबांचा जीव सोडवायला. आणि तू का तोंड पाडून बसलास, पाखरादादा?"

"काय सांगू! नाव सुगरणीचं आणि राबणं माझं. आम्ही घरटं अर्धं विणतो, बायको येऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं विणायचं. माझी एवढी सगळी नाकारली. चल, मी येतो तुझ्याबरोबर. इथे शेजारी हसतात."

कंकाळाचा वाडा धुक्याने वेढलेला होता. आत दालनामागून दालन, आणि दालनांत देशोदेशीच्या सुंदर वस्तू खच्चून भरलेल्या. मधे व्याघ्रचर्मावर कंकाळ.

"काय हवं?"

"माझ्या बापाचे हात."

"तीन कामं देईन. तिन्हींतलं एक जरी साधलं तरी तू जिंकलीस. हरलीस, तर प्रत्येक हारीला तुझाही हात पितळेचा होत जाईल. कबूल?"

"कबूल."

तिन्हींतलं एक! एवढा उदार कोण असतो हो? ज्याला जिंकण्याची खात्री असते तो.

पहिलं काम त्याने सांगितलं. "पलीकडे वाऱ्याची खिंड आहे. तिच्यातून पेटता दिवा घेऊन ये. विझता कामा नये." आणि मग गोड आवाजात म्हणाला, "नमुना हवा का, मुली?" त्याने रेशमी वस्त्र ओढलं. खाली स्फटिकाचा कंदील. हौसा भान हरपून बघत राहिली. त्याबरहुकूम कंदील करायला बसली, आणि झाला तो तोटीचा कंदील. खिंडीत वारा नेमका भोकातून शिरला. फुस्‌! दिवा गेला. हौसाच्या डाव्या हाताची बोटं थंडगार पडली, पिवळी झाली.

पक्ष्याने विचारलं, "तू काय काय बघितलंस?"

"कंदील बघितला."

"आणि वारा?"

हौसाने मान खाली घातली. वाऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दुसरं काम. "डोंगरामागे तळं आहे. त्याचं पाणी धातूला भिऊन पळतं. ते ओंजळभर आणून दाखव. नमुना हवा का?" कंकाळाचा हात वस्त्राकडे गेला तोच हौसाने पदराची पट्टी करून डोळ्यांवर बांधली. "मला काही बघायचं नाही. काही म्हणजे काही नाही!" आणि चाचपडत निघाली.

धातू नको, तर माती घ्यावी, हे तिला सुचलं. सुचलं ते बरोबरच होतं. पण तांबटाची पोर, मातीचं तिला काय ठाऊक? वाटेत कुंभारणीची भट्टी धडाडत होती. कुंभारीण ओरडून म्हणाली, "अगं बाई, असं डोळे बांधून काय चाललीस? जरा बघ तरी मी काय करतेय!" हौसाने कानही झाकून घेतले. तळ्याकाठी बसून तिने बोटांनी मडकं वळलं, वळलं तेही ठीकठाक, तोटीवाचून. पण भाजलं नाही. कच्चं मडकं पाण्यात घातलं आणि चिखल होऊन बोटांतून निघून गेलं. कुंभाराच्या शेंबड्या पोराला जे ठाऊक, ते हिला ठाऊक नव्हतं. पितळ कोपरापर्यंत चढलं.

पट्टी सोडून ती तिथेच बसली आणि मोठ्याने रडली. "बघितलं तरी हरते, नाही बघितलं तरी हरते. आबा मरतील रे, पाखरादादा! माझ्यामुळे मरतील."

पक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "एकदा एकच बघितलंस नि त्यात बुडालीस. एकदा डोळेच बांधून बसलीस. रडून झालं की माझी घरटी बघ..."

"'बघ' म्हणू नकोस मला!"

"बरं बाई, नाही म्हणत. मग हे सांग, तू आधी काय करणार?"

हौसाने नाक पुसलं. काय करणार, हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरं काम ऐकायला ती गेली तेव्हा कंकाळ हसत होता. "माझ्या अंगणात दगडी कुंड आहे. या डोंगरावरचं धुकं त्यात भर. उद्या सूर्य कासराभर वर येईपर्यंत मुदत. नमुना हवा का?"

"हवा," हौसा म्हणाली. "पण आत्ता नको. आधी धुक्याकडे जाऊन येते. मग तुमचा नमुना बघेन, आणि आणखी चार जणांचेही बघेन."

कंकाळाचं हसू तसंच ओठांवर वाळलं. असं कुणी त्याला म्हणालं नव्हतं.

हौसा डोंगरमाथ्यावर धुक्यात जाऊन बसली. पदराने धुकं लोटून पाहिलं, तांब्यात कोंडून पाहिलं, मुठीत आवळून पाहिलं. मूठ उघडली की रिकामी. पण पदर ओला झाला होता. पापण्यांवर थेंब आले होते, केसांच्या बटांवर मणी ओवल्यासारखे थेंब. ती मातीत बोटाने आकृत्या काढू लागली. पहिली आकृती काढली तर बोट आपलं तोटीकडे वळलं. पुसली. दुसरी काढली, वेडीवाकडी. तिसरी त्याहून वाईट. पण ती तिची होती, आणि तिला एवढं कळलं होतं की धुक्याला पकडायचं नाही, अडवायचं आहे.

आता ती बघायला उठली. करवंदीच्या जाळीत कोळ्याचं जाळं होतं, दवाने जड झालेलं. तळ्यावर एक म्हातारा मासे धरत होता, त्याचं जाळं हातात घेऊन ताणून पाहिलं. कुंभारणीकडे जाऊन माफी मागितली आणि तिची पिठाची चाळण उजेडात धरून पाहिली. पक्ष्याला म्हणाली, "दादा, आता दाखव तुझी घरटी." त्याने हौसेने डोंगरावर नवीन विणायला घेतलेलं दाखवलं. अर्धंच होतं, म्हणून गाठ कशी मारली ते आतून दिसत होतं. शेवटी ती कंकाळाकडे गेली आणि म्हणाली, "आता तुमचा नमुना." ती पाचूची डबी होती, झाकण घट्ट. हौसाने ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "सुरेख आहे. माझ्या कामाची नाही." प्रत्येकाला ती एकच विचारत होती, तुझ्यात काय अडतं आणि काय निसटतं? सोन्याची झारी मनातून गेली नव्हती. पण आता ती इतरांबरोबर रांगेत बसली होती, एकटी पाटावर नव्हती.

मग तिने आपला तोटीवाला तांब्या भट्टीत घालून वितळवला. कांब केली, आबांच्या पट्टीतून तिची केसासारखी तार ओढली. डावा हात पितळेचा, तिथे पक्ष्याची चोच आली. हौसा तार ताणायची, पक्षी गाठ मारायचा, आणि मधूनमधून दोघं भांडायची.

"इथे गाठ नको!"

"इथेच हवी. घरटी कुणी विणलीत, तू की मी?"

"नाकारली कुणाची, तुझी की माझी?"

पहाटे कुंडावर दोन काठ्यांमध्ये तिने ते विणलेलं तारेचं जाळं तिरपं टांगलं. कंकाळ बाहेर आला आणि खदखदून हसला. "हे भांडं? याला तर नुसती भोकंच आहेत!"

"आमच्या राज्यात सगळेच भोक ठेवतात, मांत्रिकबुवा. मी जरा जास्त ठेवली."

धुकं आलं. तारांतून जाऊ लागलं, आणि जाता जाता अडू लागलं. तारेवर थेंब धरला, थेंबाला थेंब मिळाला, ओघळला, टप्प करून कुंडात पडला. मग टपटप, मग सरसर. उजाडेपर्यंत कुंड काठोकाठ.

"हे पाणी आहे," कंकाळ म्हणाला. "मी धुकं मागितलं होतं."

"सूर्य अजून कासराभर यायचाय," हौसा म्हणाली आणि पायरीवर बसून भाकरी खाऊ लागली.

सूर्य वर आला. कोवळं ऊन पाण्यावर पडलं, वरची हवा अजून गार होती, आणि कुंडातून धुकं उठलं. दाट, पांढरं, माणसाच्या उंचीचं. कुंडाच्या कडेकडेने फिरलं आणि तिथेच उभं राहिलं. पक्षी म्हणाला, "मोजून घ्या, बुवा."

कंकाळ मटकन खाली बसला. त्याने हौसाच्या हाताला हात लावला, पितळ गळून पडलं. "शब्द पाळला," तो म्हणाला.

"आणि माझे आबा?"

"त्यांचा शाप माझ्याजवळ नाही, मुली. मी फक्त झारी दिली. 'असं कर' हे मी म्हटलं नाही. मंत्र तुमच्याच घरचा होता. ज्याने म्हटला त्यानेच तो सोडायचा." मग हळूच म्हणाला, "मी जन्मात एक वस्तू केली नाही. नुसत्या जमवल्या. वाटलं, साऱ्यांनाच माझ्यासारखं करून टाकावं."

हौसाला त्याचा राग आला आणि कीवही आली. पण थांबायला वेळ नव्हता.

ती शाळेत पोचली तो नव्या पोरांचा विद्यारंभाचा दिवस. रायाजी आसनावर होता, पितळ छातीवर आलेलं, श्वास घेताना आत भांडं वाजल्यासारखा आवाज. राजा घण घेऊन झारीपुढे उभा. डोंगरावरची हकिगत त्याच्या हेराने आधीच येऊन सांगितली होती.

"फोडू नका, महाराज!" हौसा ओरडली. "झारीचा काय दोष? तिला रांगेत बसवा."

तिने पाट उचलून बाजूला केला आणि भिंतीशी वस्तू मांडल्या. कुंभारणीने दिलेली चाळण, म्हाताऱ्याच्या जाळ्याचा तुकडा, एक अर्धं घरटं, तारेचं भांडं, आणि शेवटी झारी. वर चादर टाकली. मग बापापाशी बसली.

"आबा, आज 'असं कर' म्हणू नका."

रायाजीचा आवाज घंटेसारखा कापरा निघाला. "रीत आहे, बाळ. माझ्या गुरूंनी माझा हात असाच धरला होता. त्यांनी प्रेमाने दिलं, मी प्रेमाने दिलं. ती मोडू?"

"प्रेमानेच दिलंत, आबा. पण मला पळी करायची होती हो. तुमच्या छातीवर पेज सांडली, ती मला अजून भाजते."

रायाजी लेकीकडे बघत राहिला. समोर नव्या पोरांत एक चिमुरडी बसली होती, ठकू नावाची, गवंड्याची. रायाजीने तिच्याकडे तोंड वळवलं. एवढी वर्षं तेच दोन शब्द ओठांवर बसलेले, तेच पुढे येत होते. त्याने ते गिळले.

"पोरी," तो म्हणाला, "माझे हात चालत नाहीत. मला भूक लागलीय. पेज प्यायचीय. तू काय करशील?"

ठकू उठली. जवळ येऊन त्याचं तोंड बघितलं, हनुवटी बघितली, छातीवरचा डाग बघितला. पळत अंगणात गेली. वडाचं पान दुमडून आणलं, पेज सांडली. "थांबा हं, आजोबा," म्हणाली. नारळाची करवंटी आणली, ती ओठाला लागेना. सगळे श्वास रोखून. तेव्हा हौसाने चादर काढली. "हे सगळं बघ हवं तर. घे नाहीतर नको घेऊ."

ठकूने चाळण पाहिली, घरटं उलटं करून पाहिलं. झारीपाशी थबकली, तोटीला एक डोळा लावून आत बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "अय्या! याला तर भोक आहे!"

सगळी शाळा वाकली. खरंच की हो, भोक! इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं.

ठकू पुन्हा अंगणात पळाली. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून आणला. एक टोक करवंटीतल्या पेजेत, दुसरं रायाजीच्या ओठांत. "ओढा, आजोबा."

रायाजीने ओढलं. छातीवर एक थेंब पडला नाही. कोमट पेज घशातून खाली उतरली, आणि ती जिथवर गेली तिथवर पितळ जुन्या कल्हईसारखं खपलीखपलीने सुटत गेलं. छाती मोकळी झाली, दंड मोकळे झाले, मग मनगटं, मग बोटं. त्याने बोटं हलवून पाहिली. मग तोच हात ठकूच्या डोक्यावर ठेवला, आणि दुसऱ्याने लेकीला जवळ ओढलं. बापलेक रडली आणि त्यांना बघून राजाही रडला.

त्या दिवशी राज्यभर करवती चालल्या. घरांच्या तोट्या गेल्या, पाळण्यांच्या गेल्या, भोकं बुजली. महाराज सिंहासनावर पाठ टेकून बसले आणि इतकं बरं वाटलं की तिथेच झोपले. कंकाळ मांत्रिक पुढच्या वर्षी शाळेत नाव घालायला आला. हौसाने त्याला ठकूच्या शेजारी बसवलं. त्याचं पहिलं मडकं कुत्र्यानेही हुंगलं नाही, पण तो ते उशाशी घेऊन झोपायचा. सुगरण पक्ष्याने तांब्याच्या तारेचं एक घरटं विणलं. बायकोने तेही नाकारलं, ते सोडा. झारीचं भोक हौसाने डाख लावून बुजवलं. ती अजून रांगेत आहे, आणि राजा रोज तिने तुळशीला पाणी घालतो.

आणि शाळेत नवं पोर आलं की रायाजी त्याचा हात हातात घेतो आणि विचारतो, "कुणाची काय अडचण आहे, सांग? तू काय करशील?" नमुने मागाहून दाखवतो, मूठभर, वेगवेगळे.

ऐकलीत ना कहाणी? सुखी राहा, पोटभर जेवा. आणि घरी जाऊन सांगाल तेव्हा जशीच्या तशी सांगू नका. आधी तुमची सांगा, मग माझी.